व्हॉइस गेटवेचे आयपी पत्तांकन

व्हॉइस गेटवे हे पारंपरिक दूरध्वनी जाळे आणि आयपी जाळे यांना जोडणारे उपकरण. त्याच्या एका बाजूला लँडलाइनची तांब्याची तार किंवा एकाच वेळी ३० संभाषणे वाहणारी ई-१ वाहिनी असते, तर दुसऱ्या बाजूला इथरनेट. आयपी जाळ्यातील इतर उपकरणांप्रमाणे त्यालाही पत्ता, सबनेट मास्क आणि राउटरचा पत्ता लागतो. छपाईयंत्राचे तेवढ्यावर भागते, गेटवेचे भागत नाही. त्याचा पत्ता पॅकेटच्या शीर्षभागात तर असतोच, शिवाय कॉल जुळवणाऱ्या संदेशांच्या मजकुरातही लिहिला जातो, आणि आवाज कुठे पाठवायचा हे समोरचे टोक त्या मजकुरावरून ठरवते.

गेटवेमधून तीन तऱ्हेची वाहतूक चालते. कॉल लावणे-तोडणे यासाठीचे संदेश, म्हणजे सिग्नलिंग, सिप पद्धतीत बहुधा ५०६० क्रमांकाच्या पोर्टवरून जातात. आवाज आरटीपीने जातो; प्रत्येक कॉलला त्यासाठी एक सम पोर्ट आणि नियंत्रणासाठी लगतचा विषम पोर्ट लागतो. तिसरी वाहतूक देखभालीची. लहान गेटवेत तिन्हींना एकच पत्ता पुरतो, मोठ्यांत प्रत्येकीसाठी वेगळा पत्ता व वेगळा सबनेट ठेवता येतो. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट ६५०० स्विचमध्ये बसणाऱ्या ६६०८ या कार्डाची तऱ्हा याहून न्यारी होती. त्याच्या आठ पोर्टांपैकी प्रत्येक पोर्ट स्वतंत्र गेटवे गणला जाई आणि एकाच कार्डाला आठ आयपी पत्ते द्यावे लागत.

पत्ता हाताने कायमचा लिहिता येतो किंवा डीएचसीपी सर्व्हरकडून घेता येतो. कार्यालयाची मुख्य लाइन सांभाळणाऱ्या गेटवेला कायमचा पत्ताच योग्य. डीएचसीपीचा पत्ता ठरावीक मुदतीचा असतो. नूतनीकरण न होता तो बदलला, तर चालू संभाषणे तुटतात आणि जुना पत्ता नोंदवून बसलेला कॉल सर्व्हर गेटवेला ओळखत नाही. मात्र शाखोशाखी शेकडो छोटे अ‍ॅडाप्टर बसवायचे असतील, तर डीएचसीपीवाचून गत्यंतर नाही. तेव्हा उपकरणाच्या मॅक क्रमांकावर पत्ता राखून ठेवतात आणि पर्याय ६६ मधून कॉन्फिगरेशन फाइल देणाऱ्या सर्व्हरचा ठावठिकाणा कळवतात. पडदा नसलेल्या अशा उपकरणाचा पत्ता शोधण्याची एक गमतीदार सोय आहे. ग्रँडस्ट्रीमच्या हँडीटोन अ‍ॅडाप्टरला साधा फोन जोडून तीनदा तारांकन व मग ०२ दाबले, की रिसीव्हरमधून आयपी पत्ता वाचून दाखवला जातो.

बहुतेक घोळ पत्ता देताना होत नाहीत, ते अनेक पत्त्यांतून एक निवडताना होतात. राउटरच गेटवेचे काम करत असेल, तर त्याला दोन-तीन इंटरफेस असतात. काही सांगितले नसेल, तर ज्या इंटरफेसमधून पॅकेट बाहेर पडते त्याचाच पत्ता त्यावर लागतो. एक लिंक बंद पडून वाहतूक दुसरीवर वळली, की पत्ता बदलतो आणि सर्व्हर अनोळखी म्हणून कॉल नाकारतो. म्हणून सिग्नलिंग आणि आवाज दोन्ही एका ठरावीक इंटरफेसला बांधतात, याला बाइंड करणे म्हणतात. त्यासाठी लूपबॅक हा आभासी इंटरफेस उत्तम. तो कोणत्याही तारेवर अवलंबून नसल्याने एखादी लिंक पडली तरी जिवंत राहतो. मात्र त्या पत्त्याकडे येण्याचा मार्ग इतर राउटरांना माहीत असावा लागतो, आणि नेमके हेच विसरले जाते. बाइंड कॉल चालू नसतानाच बदलावे.

दुसरे अवघड ठिकाण नॅट, म्हणजे सीमेवर होणारे पत्त्यांचे रूपांतर. १९९६च्या आरएफसी १९१८ने १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ या मालिका खाजगी वापरासाठी राखल्या. गेटवेचा पत्ता १९२.१६८.१०.५ असेल, तर बाहेर पडताना नॅट पॅकेटवरचा पत्ता बदलून सार्वजनिक करते, पण सिपच्या मजकुरातील ‘सी’ने सुरू होणाऱ्या ओळीत खाजगी पत्ता तसाच राहतो. पलीकडचे टोक आवाज त्या पत्त्यावर पाठवते आणि तो वाटेत हरवतो. बाहेरच्याला आतले बोलणे ऐकू येते, आतल्याला काहीच येत नाही. एकतर्फी आवाजाची तक्रार आली, की सर्वांत आधी ही ओळ तपासावी. उपाय तीन: गेटवेला त्याचा सार्वजनिक पत्ता सांगून ठेवणे, तो स्टन या प्रोटोकॉलने शोधू देणे किंवा सीमेवर सेशन बॉर्डर कंट्रोलर बसवणे. राउटरमधील ‘सिप एएलजी’ हीच दुरुस्ती परस्पर करू पाहते, पण अनेकदा ती अर्धवट होते. त्यामुळे ती सुविधा बंद ठेवण्याचा रिवाज पडला आहे.

गेटवेला थेट सार्वजनिक पत्ता दिल्यास नॅटचा प्रश्न उरत नाही, पण उघडे ५०६० पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्राम त्याच्यामार्फत परदेशी कॉल लावू पाहतात. बिल मालकाला येते. सिस्कोने आयओएस १५.१(२)टी पासून विश्वासू पत्त्यांच्या यादीबाहेरून आलेले कॉल मुळातच नाकारण्याची व्यवस्था केली. सेवादात्याची सिप ट्रंक पुष्कळदा नावाशिवाय, पासवर्डाशिवाय, निव्वळ आयपी पत्त्यावर ओळख पटवते. अशा ट्रंकसाठी बहुधा दोनच वापरण्याजोगे पत्ते असलेला /३० सबनेट मिळतो, एक सेवादात्याचा आणि एक गेटवेचा. तेथील पत्ता एकतर्फी बदलून चालत नाही. बदलाआधी सेवादात्याची नोंद, कॉल सर्व्हरमधील ट्रंक, फायरवॉलचे नियम आणि डीएनएस ही चारही ठिकाणे बदलण्याची तयारी ठेवावी लागते.