विकेंद्रित ओळख : दाखला टिकेल, प्रणाली टिकेल काय?

सोलापूर, (खास प्रतिनिधी) – जातीच्या दाखल्यासाठी सेतू केंद्रात गेलेल्या माणसाला आजही सर्वप्रथम विचारला जातो तो जुना पुरावा. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, तर इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही राज्यातील वास्तव्याची मानीव तारीख आहे. त्यापूर्वीचा आजोबांच्या शाळेतील रजिस्टरचा उतारा किंवा कोतवाल बुकाची नक्कल शोधताना कुटुंबाची दमछाक होते, हे खरे; तथापि पाऊणशे वर्षांनंतरही ती नोंद सापडते आणि वाचता येते. आता असे दाखले संगणकीय साखळीवर नोंदवण्यास महाराष्ट्रात प्रारंभ झाला असताना, त्या साखळीमागील प्रणाली किती वर्षे जिवंत राहील, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांपुरता उरलेला नाही.

गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली उपविभागात २०२२ मध्ये सुमारे ६५ हजार जात प्रमाणपत्रे 'पॉलिगॉन' या खुल्या ब्लॉकचेनवर नोंदवण्याचा उपक्रम जाहीर झाला. 'लेजिटडॉक' या कंपनीची प्रणाली त्यासाठी वापरण्यात आली. त्याआधी २०२१ मध्ये राज्य कौशल्य विकास मंडळाच्या पदविका प्रमाणपत्रांसाठीही हीच प्रणाली स्वीकारण्यात आली होती. प्रमाणपत्राचा संगणकीय ठसा साखळीवर ठेवायचा. कोणी त्यात एक अक्षर बदलले तरी ठसा जुळत नाही आणि बनावट दाखला उघडा पडतो, अशी ही साधी कल्पना आहे.

'विकेंद्रित ओळख' ही संकल्पना याच्या पुढे एक पाऊल जाते. आधारची माहिती एका मध्यवर्ती भांडारात असते. विकेंद्रित पद्धतीत दाखला देणारी संस्था त्यावर डिजिटल स्वाक्षरी करून तो थेट नागरिकाच्या मोबाइलमध्ये देते. पडताळणाऱ्याला त्या संस्थेकडे विचारणा करावी लागत नाही. संस्थेची जाहीर किल्ली मिळाली की स्वाक्षरी तपासता येते. कोविड काळात लस घेतलेल्या प्रत्येकाने या कल्पनेचा निम्मा अनुभव नकळत घेतला आहे. कोविनच्या प्रमाणपत्रावरील क्यूआर कोडमध्ये अशीच स्वाक्षरी होती आणि तो तयार करणारी 'डिव्हॉक' ही मुक्तस्रोत प्रणाली बंगळुरूच्या ई-गव्ह फाउंडेशनने विकसित केली होती. पुढे श्रीलंका व फिलिपिन्स यांनीही ती वापरली. अर्थात, कोविनची माहिती केंद्रीभूतच होती. विकेंद्रित होता तो फक्त पडताळणीचा भाग.

या क्षेत्रातील सर्वांत महत्त्वाकांक्षी मुक्तस्रोत प्रकल्प म्हणजे 'हायपरलेजर इंडी'. त्याची कहाणी मुळातून सांगण्याजोगी आहे. अमेरिकेतील एव्हरनिम कंपनीने आपली आज्ञावली २०१६ मध्ये स्थापन झालेल्या सोव्हरिन फाउंडेशन या ना-नफा संस्थेला दिली. २०१७ मध्ये ती लिनक्स फाउंडेशनच्या हायपरलेजर समूहात दाखल झाली आणि त्याच वर्षी सोव्हरिनचे जाळे सुरू झाले. निरनिराळ्या देशांतील संस्था 'कारभारी' म्हणून आपापल्या खर्चाने एकेक सर्व्हर चालवीत. नागरिकांची खासगी माहिती साखळीवर कधीच ठेवली जात नसे. तेथे असत त्या केवळ दाखला देणाऱ्यांच्या किल्ल्या, दाखल्यांचे नमुने आणि रद्द दाखल्यांचा हिशेब. जन्मतारीख न दाखवता 'मी अठरा वर्षांवरील आहे' एवढेच सिद्ध करण्याची सोयही यात होती, आणि ती आजही अनेक प्रणालींत नाही.

कागदावर प्रगती उत्तम होती. २०१९ मध्ये मोबाइल व सर्व्हरमधील संवादाचा भाग 'एरीज' या नावाने वेगळा झाला. जुलै २०२२ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या जागतिक मानक संस्थेने विकेंद्रित ओळखचिन्हांच्या मानकाला मान्यता दिली, तीही गूगल, अ‍ॅपल व मोझिला यांचे आक्षेप फेटाळून.

प्रकृती मात्र तोवर खालावू लागली होती. मुक्तस्रोत प्रकल्पाची तब्येत ओळींच्या संख्येवरून कळत नाही. नवे लोक येतात काय, आलेल्या दुरुस्त्या कोणी वेळेत तपासते काय, आणि तपासणारे सारे एकाच मालकाचे पगारदार आहेत काय, हे पाहावे लागते. इंडीच्या सर्व्हरची आज्ञावली उबुंटूच्या २०१६ सालच्या आवृत्तीवर बेतलेली होती. त्या आवृत्तीच्या सर्वसाधारण सुरक्षा-दुरुस्त्या एप्रिल २०२१ मध्ये थांबल्या, तरी इंडीला पुढील आवृत्तीवर नेण्याचे काम त्यानंतरही वर्षानुवर्षे रेंगाळले. लोकांची ओळख राखणाऱ्या प्रणालीचा पायाच जुना राहावा, याला हलगर्जी म्हणता येईल; परंतु ते रुक्ष काम करायला माणसेच उरली नव्हती, हे अधिक खरे आहे. नव्या सुविधा लिहायला हात पुष्कळ असतात, डागडुजीला कोणी नसते. एव्हरनिमला २०२१ च्या अखेरीस अव्हास्ट कंपनीने विकत घेण्याचे ठरवले. गूढलेखनाचा 'उर्सा' हा सहप्रकल्प २०२३ मध्ये बंद करण्यात आला. शेवटी सोव्हरिननेही आपले मुख्य जाळे ३१ मार्च २०२५ पर्यंत बंद होईल, असे जाहीर केले. जेमतेम आठ वर्षांचे आयुष्य! ज्या दाखल्यांच्या किल्ल्या केवळ त्या जाळ्यावर होत्या, ते मोबाइलमध्ये शाबूत असूनही तपासण्याची वाट त्यासोबत बंद होणार होती.

येथे मोडीची आठवण होते. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती कुणबी नोंदी शोधू लागली, तेव्हा दप्तरात नोंदी होत्या. परंतु त्या वाचण्यासाठी मोडीचे जाणकार धुंडाळावे लागले.

इंडीच्या कुटुंबातील सर्वच शाखा वाळल्या, असे मात्र नाही. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या सरकारने 'अका-पाय' ही एरीजवर आधारित प्रणाली स्वतः सुरू केली आणि ठरावीक कामांसाठी बाहेरच्या विकसकांना मोबदला देण्याची पद्धत पाडली. सरकार नुसते फुकटचे ग्राहक न राहता सांभाळणारे झाले, हा फरक निर्णायक ठरला, असे प्रस्तुत प्रतिनिधीचे मत आहे. अका-पाय तसेच जावास्क्रिप्टमधील 'क्रेडो' हे दोन्ही प्रकल्प आता २०२३ मध्ये स्थापन झालेल्या ओपनवॉलेट फाउंडेशनच्या छत्राखाली आहेत. हायपरलेजर समूह स्वतः सप्टेंबर २०२४ मध्ये 'एलएफ डिसेंट्रलाइज्ड ट्रस्ट' या नव्या संस्थेत सामावला. नावांच्या या फेरबदलांत नवख्याचा गोंधळ उडतो, ही तक्रार रास्तच आहे.

शेजारच्या भूतानचा अनुभवही बोलका आहे. या देशाने २०२३ मध्ये आपली राष्ट्रीय डिजिटल ओळख इंडीवर सुरू केली, २०२४ मध्ये ती पॉलिगॉनवर नेली आणि २०२५ मध्ये इथेरियमकडे स्थलांतर जाहीर केले. लहान देशाला दोन वर्षांत दोनदा घर बदलणे जमले. लाखो दाखले असलेल्या जिल्ह्याला ते तितके सोपे जाईल असे नाही.

एटापल्लीच्या दाखल्यांबाबत एक दिलासा आहे. महाराष्ट्रात जात प्रमाणपत्राला वैधता मिळते ती २००० सालच्या अधिनियमानुसार सक्षम प्राधिकाऱ्याने ते दिल्यामुळे व पडताळणी समितीने ते वैध ठरवल्यामुळे, साखळीवरील ठशामुळे नव्हे. साखळी उद्या थांबली तरी दाखला रद्द होत नाही. झटपट पडताळणी तेवढी थांबते. अशा वेळी तपासणाऱ्या महाविद्यालयाला किंवा कार्यालयाला पुन्हा पत्र पाठवून उत्तराची वाट पाहावी लागेल, आणि प्रवेशाची मुदत त्यासाठी थांबत नाही.