पांडुरंग सदाशिव खानखोजे : क्रांतिकार्य आणि पीकसंशोधन

मराठी इतिहासलेखनात पांडुरंग सदाशिव खानखोजे यांची नोंद प्रामुख्याने गदर चळवळीतील क्रांतिकारक म्हणून आढळते. त्यांच्या आयुष्यातील सुमारे तीन दशके मात्र मेक्सिकोमध्ये कृषी अध्यापनात व पीकसंशोधनात व्यतीत झाली. हा कालखंड चरित्रपर लेखनात बहुधा परिशिष्टासारखा उरकला जातो. कृषी विद्यापीठ ज्या जिल्ह्यात आहे त्या अहमदनगर (आजच्या अहिल्यानगर) जिल्ह्याच्या अभ्यासकांना तरी ही उणीव जाणवावयास हवी.

वर्ध्यात जन्मलेल्या खानखोजे यांनी अमेरिकेत ओरेगॉन येथे कृषिशिक्षण घेतले. 1913 मध्ये आकारास आलेल्या गदर संघटनेत ते अग्रभागी होते. पहिल्या महायुद्धात इराणमार्गे हिंदुस्थानच्या सीमेपर्यंत सशस्त्र उठाव पोहोचविण्याचा प्रयत्न फसला. पुढे बर्लिन व 1921 मध्ये मॉस्को असा प्रवास घडला. मायदेशाची दारे बंद असल्याने 1924 मध्ये ते मेक्सिकोत पोहोचले व चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले.

हा देश त्यांना अनुकूल ठरला, यामागे केवळ योगायोग नव्हता. 1910 च्या क्रांतीनंतर तेथे जमिनीच्या फेरवाटपाचा प्रश्न ऐरणीवर होता. जमीन मिळालेल्या शेतकऱ्यास बियाणे व ज्ञान कोण देणार, हा त्याचाच पुढचा भाग होता. खानखोजे यांनी शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा चालविल्या. प्रयोगशाळेत त्यांचे लक्ष मक्यावर होते. मका हे परपरागीकरण होणारे पीक असल्याने शेजारच्या शेतातील परागानेही वाण बदलतो. त्यामुळे निवड व संकर या दोन्ही गोष्टी चिकाटीच्या ठरतात. मक्याचा रानटी आप्त असलेल्या तेओसिंतेशी संकर करण्याचे त्यांचे प्रयोग याच संदर्भात पाहावे लागतात. त्यांच्या कार्याची छायाचित्रे टीना मोदोत्ती यांनी टिपली, तर दिएगो रिव्हेरा यांच्या एका भित्तिचित्रातील व्यक्तीस त्यांचे रूप दिले आहे, असे मानले जाते. कृषिशास्त्रज्ञाच्या वाट्यास असा मान क्वचितच येतो!

खानखोजे यांना हरितक्रांतीचे जनक ठरविण्याचा मोह काही लेखनात दिसतो. तो टाळणे इष्ट. भारताने 1966 मध्ये मेक्सिकोहून आणलेले सुमारे 18,000 टन गव्हाचे बियाणे बोरलॉग यांच्या स्वतंत्र संशोधनाचे फलित होते. खानखोजे यांचे वेगळेपण निराळ्या ठिकाणी आहे: बियाण्याची सुधारणा व शेतकऱ्याचे शिक्षण ही दोन कामे त्यांनी विभक्त मानली नाहीत.

नगरच्या कोरडवाहू भागास या भेदाचे महत्त्व सांगावे लागत नाही. बाजरीही परपरागित पीक. 1965 मध्ये लुधियानाचे प्रा. दिलबागसिंग अठवाल यांनी एचबी-1 हा संकरित वाण दिला. उत्पादन वाढले, परंतु दरवर्षी नवे बियाणे विकत घेणे आले. पुढे सत्तरच्या दशकात गोसावी (केवडा) रोगाने देशात अशा संकरित वाणांचे मोठे नुकसान केले. एकाच मातृवाणावरील अवलंबित्व त्यास बव्हंशी कारणीभूत होते.

स्वातंत्र्यानंतर, 1949 मध्ये, मध्य प्रांत सरकारने कृषिविषयक सल्ल्यासाठी खानखोजे यांना पाचारण केले. तथापि ब्रिटिश काळातील काळ्या यादीमुळे त्यांच्या येण्यात प्रथम अडथळा आला. 1955 मध्ये ते कायमचे परतले. पण चापिंगोतील मुक्त कृषिशाळांसारखा उपक्रम त्यांच्या हातून येथे उभा राहिला नाही. जानेवारी 1967 मध्ये नागपुरात त्यांचे निधन झाले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची स्थापना त्यानंतर वर्षभराने, मार्च 1968 मध्ये झाली.