‘पहिलीच वेळ आहे, साहेब’

दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात काही वाक्यं नेहमी कानावर पडतात. ‘पहिलीच वेळ आहे, साहेब’ हे त्यांतलंच एक. दारू पिऊन गाडी चालवताना पकडला गेलेला माणूस हे वाक्य म्हणतो, तेव्हा तो खोटं बोलत असतोच असं नाही. तो काही अट्टल गुन्हेगार नसतो. कुणी कारकून असतो, कुणी दुकानदार, कुणी मित्राच्या हळदीहून परतणारा. अंगात इस्त्रीचा सदरा, हातात पोलिसांनी दिलेला कागद आणि शेजारी मान खाली घालून उभा असलेला भाऊ किंवा मेहुणा. त्याच्या मनात एकच सवाल असतो : मी कुणाला धडक दिली नाही, कुणाला साधं खरचटलंही नाही, मग मी गुन्हेगार कसा?

हा सवाल मोटारीइतकाच जुना आहे. त्याचं नीट उत्तर शोधायला कायद्याला साठ-सत्तर वर्षं लागली.

10 सप्टेंबर 1897. लंडनमध्ये विजेवर चालणाऱ्या भाड्याच्या गाड्या नुकत्याच आल्या होत्या. जॉर्ज स्मिथ नावाच्या पंचवीस वर्षांच्या चालकानं आपली गाडी न्यू बाँड स्ट्रीटवरच्या एका इमारतीवर नेऊन आदळली. दोन-तीन ग्लास बीअर घेतल्याचं त्यानं कबूल केलं आणि कोर्टानं दंड केला. मोटार चालवताना प्यायलेला म्हणून शिक्षा झालेला पहिला माणूस अशी त्याची नोंद इतिहासात आहे. इंग्लंडमध्ये 1872 पासूनच असा कायदा होता, पण तो घोडे, गुरं, गाड्या आणि वाफेची इंजिनं यांच्यासाठी. कोर्टानं स्मिथला सुनावलं ते असं, की उधळलेला घोडा पोलिसाला आवरता येतो, मोटार आवरणं ही वेगळी गोष्ट आहे. आपल्याकडच्या टांगेवाल्यांनाही हे ठाऊक होतं. टांगेवाला झिंगला तरी घोडा शुद्धीवर असतो, घरची वाट त्याला पाठ असते. मोटारीत शुद्धीवर असायला दुसरं कुणीच नसतं.

पण माणूस प्यायला आहे हे ठरवायचं कसं? त्या काळी उपाय एकच होता : माणसाकडे पाहायचं. सरळ रेषेत चालता येतं का? जीभ अडखळते का? डोळे लाल आहेत का? भारतात 1939 चा मोटार वाहन कायदा आला, तेव्हा त्यातही गाडीवर योग्य ताबा ठेवता येणार नाही इतका अंमल असेल तरच गुन्हा, अशी भाषा होती. म्हणजे सारी भिस्त पाहणाऱ्याच्या नजरेवर.

ही नजर किती अपुरी पडते, हे मुंबईतल्या एका खटल्यानं दाखवून दिलं. 29 मे 1951 च्या रात्री साडेनऊच्या सुमारास कुलाब्याच्या बाजूला एका जीपनं तिघांना ठोकरलं. जीप चालवणारे गृहस्थ होते मुंबई विभागाचे प्रभारी प्रादेशिक परिवहन अधिकारी! 1949 चा दारूबंदी कायदा तेव्हा लागू होता. डॉक्टरांनी तपासलं, तर तोंडाला दारूचा वास, डोळे लालसर, पण बोलणं सुसंगत आणि चाल सरळ. कुठल्या तरी स्वरूपात मद्य पोटात गेलं आहे, मात्र अंमल दिसत नाही, असं डॉक्टरांचं मत पडलं. आपण मद्यार्क असलेलं टॉनिक घेतलं होतं, असा बचाव त्या अधिकाऱ्यांनी केला. खालच्या कोर्टानं त्यांना बेदरकारपणा आणि मद्यप्राशन अशा दोन्ही आरोपांतून सोडलं. मद्यप्राशनाच्या आरोपाखाली हायकोर्टानं एक महिन्याची सक्तमजुरी आणि 500 रुपये दंड ठोठावला. शेवटी 1954 साली सुप्रीम कोर्टानं त्यांना निर्दोष सोडलं. औषधी मद्यार्काला बंदी नाही आणि पोटात गेलेलं मद्य बंदीतलंच होतं हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची आहे, असा निकालाचा आशय होता. वकिलीचे विद्यार्थी हा निकाल आजही अभ्यासतात.

निकाल न्यायाचाच होता. नुसत्या वासावर माणसाला तुरुंगात धाडू नये, हे बरोबरच आहे. पण त्यातून एक गरज स्पष्ट झाली : कोर्टाला नजरेपेक्षा भरवशाचं काहीतरी हवं होतं.

ते शास्त्रज्ञांच्या हाती तोवर आलेलं होतं. स्वीडनच्या एरिक विडमार्क यांनी रक्तात मद्यार्क किती चढतो आणि किती वेगानं उतरतो याचं गणित मांडलं. नॉर्वेनं 1936 साली रक्तातल्या मद्यार्काची मर्यादा कायद्यातच लिहून टाकली. आणि मुंबईच्या त्या खटल्याचा निकाल लागला त्याच 1954 साली अमेरिकेत इंडियाना राज्याच्या पोलीस दलातल्या रॉबर्ट बॉर्कनस्टाइन यांनी फुंकर मारून तपासण्याचं यंत्र बनवलं. श्वासातल्या मद्यार्कामुळं एका पिवळ्या रसायनाचा रंग किती फिका पडतो, यावरून ते यंत्र प्रमाण सांगत असे.

मुंबई राज्यानं 1959 साली दारूबंदी कायद्यात दुरुस्ती केली. 100 मिलिलिटर रक्तात 50 मिलिग्रॅम किंवा अधिक मद्यार्क आढळला, तर ते औषधातलं होतं हे आता आरोपीनं दाखवायचं. ब्रिटनमध्ये 1967 साली बार्बरा कॅसल या मंत्रीणबाईंनी 80 मिलिग्रॅमची मर्यादा आणि श्वासाची चाचणी आणली. त्या स्वतः गाडी चालवत नसत. दारूगुत्तेवाले खवळले, बाईंना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. पण पहिल्या वर्षातच रस्त्यावरचे मृत्यू हजाराहून अधिक घटले. भारतात 1988 चा कायदा आणि 1994 ची दुरुस्ती यांनी मर्यादा 30 मिलिग्रॅमवर आणली.

या आकड्यानं एक मोठा बदल घडवला. आता कोर्ट ‘तू झिंगला होतास का’ असं विचारत नाही, ‘तुझ्या रक्तात किती होतं’ असं विचारतं. दारू पचवण्याचा अभिमान तिथं उपयोगी पडत नाही. आणि अपघात व्हावाच लागतो असंही नाही. धोका निर्माण करणं हाच गुन्हा.

असं का, याचं उत्तर वांद्र्याच्या कार्टर रोडवर आहे. 12 नोव्हेंबर 2006 च्या पहाटे तिथल्या फुटपाथवर रस्त्याच्या कामावरचे मजूर झोपले होते. एक मोटार त्यांच्या अंगावर गेली. सात जण मेले, आठ जखमी झाले. चालकाच्या 100 मिलिलिटर रक्तात 112 मिलिग्रॅम मद्यार्क निघाला. खालच्या कोर्टानं सहा महिन्यांची कैद दिली, हायकोर्टानं तीन वर्षं, आणि सुप्रीम कोर्टानं जानेवारी 2012 मध्ये ती कायम केली. दिवसभर ज्या रस्त्यावर राबायचं, त्याच्याच कडेला रात्री अंग टाकायचं, हे त्या मजुरांचं आयुष्य. तीन वर्षं पुरेशी होती का, याचं उत्तर ज्यानं त्यानं आपापल्या मनात द्यावं.

आज पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा, 2019 च्या दुरुस्तीनंतर, 10 हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. जागेवर पावती फाडून सुटका नाही, कोर्टाची पायरी चढावीच लागते. परवानाही जाऊ शकतो. लोकांना ही कटकट वाटते, शरम वाटते. पण मला वाटतं, कायद्याच्या सगळ्या तऱ्हांमधली ही सर्वांत दयाळू तऱ्हा आहे. कारण इथं न्यायाधीशासमोर आरोपी आहे, पण मयताचे नातेवाईक नाहीत. कागदावर फक्त मिलिग्रॅमचा आकडा आहे, मेलेल्यांची नावं नाहीत.

आम्ही कविता लिहिणाऱ्यांनी प्याल्याचे फार लाड केले आहेत. शायरीत झिंगलेला माणूस मोठा लोभस दिसतो. पण एक गोष्ट ध्यानात घ्या : शायरीतला तो माणूस मैफलीतून पायी घरी जातो. त्याच्या हाती फार तर काठी असते, स्टिअरिंग नसतं. पडला तर तो एकटाच पडतो.

म्हणून ‘पहिलीच वेळ आहे, साहेब’ हे वाक्य खरं असेल, तर ते सुटकेसाठी वापरण्याऐवजी स्वतःच स्वतःला एकदा ऐकवावं. पहिली वेळ पोलिसाच्या हातावर संपली, हे नशीब. फुटपाथवर निजलेल्या माणसाला पहिली वेळ आणि दुसरी वेळ यांतला फरक कळत नाही.