एअर फ्रायर घ्यावा का? आधी प्लग बघा, मग तेलाचा डबा

इन्स्टाग्राम उघडलं की कुणीतरी एअर फ्रायरचा ड्रॉवर ओढून त्यातून सोनेरी बटाट्याच्या काड्या काढताना दिसतं. खाली लिहिलेलं असतं, 'तेल न वापरता तळलेले'. सेलमध्ये चार-पाच हजारांत तो मिळतोही. नंदुरबार, शहादा, नवापूरच्या घरांतही आता हा विषय निघतो: सून म्हणते घेऊ, सासूबाई म्हणतात कढई आहे की! दोघींचंही थोडं थोडं बरोबर आहे. पण निर्णय घ्यायच्या आधी हे यंत्र नेमकं काय करतं आणि आपल्या घरच्या विजेवर, आपल्या खाण्यात ते किती बसतं, हे बघायला हवं.

नाव फ्रायर, काम भट्टीचं

एअर फ्रायर तळत नाही. तो एक छोटा ओव्हन आहे. वर तापणारी कॉइल, तिच्यावर जोरात फिरणारा पंखा आणि खाली जाळीची टोपली. पंखा गरम हवा पदार्थाभोवती सतत फिरवतो. नंदुरबारकरांना हे समजायला मिरचीच्या पथारीचं उदाहरण पुरेल. ऊन तेवढंच असलं तरी वारं सुटलेल्या दिवशी पथारीवरची मिरची लवकर सुकते, कारण मिरचीभोवती साचलेली दमट हवा वारा घेऊन जातो. एअर फ्रायरमध्ये हेच एका डब्यात, २०० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात घडतं. वरचा थर झटपट सुकतो, लालसर होतो, कुरकुरीत लागतो. फिलिप्स कंपनीने २०१० मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात हे यंत्र पहिल्यांदा बाजारात आणलं. त्यामागची कल्पना फ्रेड व्हॅन डर वेय या डच माणसाची.

तेल आणि हवेतला फरक मात्र विसरायचा नाही. १८० अंशांच्या तेलात भजी सोडली की पीठ काही सेकंदांत आवळतं. हवा तितक्या वेगाने उष्णता देऊ शकत नाही. त्यामुळे पातळ पिठात बुडवलेलं काहीही, म्हणजे भजी, बटाटेवडा, मिरचीभजी, जाळीतून खाली ठिबकतं आणि तळाशी त्याचा पापुद्रा होतो. पुरी फुगत नाही, आणि कढईतल्या शेवेची सर येत नाही. रीलमध्ये हे दाखवत नाहीत.

तुमच्या घरातलं तेल जातं कुठे?

तेल वाचेल म्हणून एअर फ्रायर घ्यायचा असेल, तर आधी तेलाचा डबा कशात संपतो ते एक महिना बघा. खान्देशी स्वयंपाकात बरंचसं तेल तळणीत जात नाही. ते जातं फोडणीत, काळ्या मसाल्याच्या रश्श्यावर येणाऱ्या तर्रीत, शेवभाजीत, वांग्याच्या भरितावर ओतलेल्या फोडणीत. तिथे एअर फ्रायर काहीच करू शकत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा कढई चढते, मुलांना रोज काहीतरी तळलेलं लागतं, बटाट्याच्या काड्या आणि फ्रोझन नगेट घरात येतात, अशा घरात मात्र फरक पडतो.

पैशांचा हिशेब साधा आहे. समजा महिन्याला अर्धा लिटर तेल वाचलं आणि तेलाचा भाव १५० रुपये लिटर धरला, तर वाचले ७५ रुपये. पाच हजारांचं यंत्र वसूल व्हायला साडेपाच वर्षं लागतील, आणि त्यात विजेचा खर्च धरलेलाच नाही. म्हणून बचतीसाठी एअर फ्रायर घेण्यात अर्थ नाही. कारण वेगळं असू शकतं: घरात मधुमेह किंवा हृदयविकाराचा रुग्ण आहे, वजन कमी करायचं आहे, किंवा तळून उरलेल्या तेलाचा प्रश्न सतावतो आहे. एक मोठा चमचा तेल म्हणजे जवळपास १२० कॅलरी. काड्यांना लागतं एक छोटा चमचा, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस.

उरलेल्या तेलाचा प्रश्न खरंच गंभीर आहे. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात घातक घटक तयार होतात. एफएसएसएआयने १ जुलै २०१८ पासून हॉटेलं आणि फरसाणवाल्यांसाठी अशा 'पोलर' घटकांची मर्यादा २५ टक्के ठरवली. घरी ते मोजायचं यंत्र कुणाकडे असतं? डब्यात गाळून ठेवलेलं काळपट तेल सणापर्यंत पुरवलं जातं. कढईच कमी वेळा चढली, तर हा डबाही कमी भरतो.

आधी भिंतीवरचा प्लग

बहुतेक एअर फ्रायर १२०० ते १८०० वॅटचे असतात. १५०० वॅटचा फ्रायर २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर करंट ओढतो. आपल्या भिंतीवरचा लहान सॉकेट ६ अँपिअरचा असतो, मोठा १६ अँपिअरचा. म्हणजे फ्रायर मोठ्या सॉकेटवरच लावायला हवा. फ्रायरची पिन जाड असेल आणि ओट्याजवळ मोठा सॉकेट नसेल, तर लोक कन्व्हर्टर घालून लहान सॉकेटवर चालवतात किंवा मोबाइल चार्जिंगचं एक्स्टेंशन ओढतात. प्लास्टिक वितळल्याचा वास यायला लागतो तो इथूनच. वायरमनला बोलावून ओट्याजवळ एक १६ अँपिअरचा पॉइंट आणि अर्थिंग करून घ्या. हा खर्च फ्रायरच्या किमतीतच धरायचा. गिझर आणि फ्रायर एकाच लाइनवर एकदम चालवू नका. दोन्ही मिळून पंधरा अँपिअरच्या घरात जातात.

दुसरी गोष्ट व्होल्टेजची, आणि ती कुठल्याच जाहिरातीत नसते. शेतीपंप चालू असले की अनेक गावांत घरातला दिवा पिवळा पडतो. कॉइलची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. २३० व्होल्टला १५०० वॅट देणारी कॉइल १८० व्होल्टला जेमतेम ९२० वॅट देते. व्होल्टेज एक पंचमांशाहून थोडंच जास्त उतरलं, पण उष्णता चाळीस टक्क्यांच्या आसपास गेली. मग 'वीस मिनिटांत तयार' असं पुस्तिकेत लिहिलेला बटाटा तीस मिनिटांनीही पांढराच. यंत्र खराब निघालं म्हणून परत पाठवण्याआधी व्होल्टेज तपासा, किंवा दुसऱ्या वेळी लावून बघा.

घरगुती इन्व्हर्टरवर हे चालत नाही. ८००-९०० व्हीएचा इन्व्हर्टर लगेच ट्रिप होतो. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर काही दिवे आणि एखादा पंखा चालवणारे जे छोटे सौर संच असतात, त्यांच्यावरही नाही.

विजेचं बिल? १५०० वॅटचा फ्रायर वीस मिनिटं सलग तापला तरी अर्धा युनिट. तापमान गाठल्यावर कॉइल बंद-चालू होत राहते, म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी. रोज वापरला तरी महिन्याला पंधरा युनिटच्या आत. फक्त तुमचा वापर महावितरणच्या स्लॅबच्या काठावर असेल, तर हे पंधरा युनिट वरच्या दराने लागतात.

कोणता घ्यायचा

लिटरच्या आकड्याला भुलू नका. पाच लिटर म्हणजे टोपलीची पोकळी, पाच लिटर अन्न नव्हे. पदार्थ एका थरात पसरला तरच हवा फिरते, त्यामुळे महत्त्वाचं आहे टोपलीच्या तळाचं क्षेत्रफळ. उंच-अरुंद टोपलीपेक्षा बसकी-रुंद बरी. दोघांना अडीच-तीन लिटर, चौघांना चार ते पाच. आठ-दहा माणसांच्या घरात कोणताही घरगुती फ्रायर एका खेपेत पुरत नाही. तीन खेपा म्हणजे तास गेला, आणि पहिली खेप तोवर मऊ पडलेली. अशा घरात सासूबाईंची कढईच जिंकते.

गोल बटणाचा की डिजिटल? लाइट येत-जात असेल, तर गोल बटणाचा साधा फ्रायर दुरुस्तीलाही सोपा पडतो. त्याचं टायमर मात्र घड्याळासारखं चावीवर चालतं. लाइट गेली तरी ते टिकटिकत राहतं, शेवटी 'टिंग' वाजतं आणि आत चिकन कच्चंच असतं. बऱ्याच डिजिटल फ्रायरमध्ये लाइट गेल्यावर वेळ आणि तापमान पुसलं जातं, निदान ते लक्षात तरी येतं.

ऑनलाइन घेताना आपल्या पिनकोडवर घरी येऊन सेवा मिळते का, की यंत्र धुळ्याला किंवा सुरतेला न्यावं लागेल, हे आधी विचारा. सुटी टोपली वेगळी विकत मिळते का, हेही. बिघडते ती बहुधा टोपलीच: तारेच्या घासणीने तिच्यावरचा नॉनस्टिक थर निघतो. टोपली मिळत नसेल, तर चालू असलेलं यंत्र भंगारात जातं.

खान्देशी स्वयंपाकघरात काय जमतं

सगळ्यात चांगलं जमतं ते शिळं ताजं करणं. हॉटेलातून आणलेले समोसे, कचोऱ्या, वडे १७० अंशांवर चार-पाच मिनिटांत पुन्हा खुसखुशीत होतात. शेंगदाणे १६० अंशांवर आठ-दहा मिनिटांत एकसारखे भाजले जातात. मध्ये दोनदा हलवायचे. भेंडीच्या, कारल्याच्या चकत्या, सुरणाचे काप छान होतात. मीठ मात्र शेवटी, नाहीतर पाणी सुटतं.

भरिताचं वांगं हा वादाचा मुद्दा. हिरवं-पांढरं मोठं वांगं टोचून, तेलाचा हात लावून २०० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं ठेवलं की आतून लोण्यासारखं मऊ होतं, गॅसची शेगडीही घाण होत नाही. पण कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचा धुरकट वास काही त्याला येत नाही. भरितात वाटी ठेवून तिच्यात पेटता कोळसा, त्यावर थोडं तूप आणि वर झाकण, असा धुंगार दिला तर बरीच भरपाई होते.

उडदाचा पापड एक-दीड मिनिटात भाजतो, पण तो हलका असल्याने पंख्याच्या वाऱ्याने उडून कॉइलला चिकटू शकतो. वर छोटी जाळी ठेवा. ज्वारीचे बिबडे आणि कुरडया तेलातच फुलतात, इथे त्या कडक राहतात. ठेच्यासाठी हिरव्या मिरच्या भाजायच्या तर चीर देऊन, नाहीतर फुटतात. सुकी लाल मिरची मात्र कधीच नको. पंखा तो ठसका पूर्ण घरभर पसरवतो.

चिकनच्या बाबतीत तापमानाला महत्त्व आहे. नवापूर हे कुक्कुटपालनाचं गाव, आणि २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू तिथेच सापडला. तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला होता की मांस आतपर्यंत ७० अंशांना शिजलं की विषाणू मरतो. एअर फ्रायरमध्ये धोका असा की बाहेरून रंग लवकर येतो आणि हाडाजवळ कच्चं राहतं. तंगडीला खोल चिरा द्या, १८० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं ठेवा, मध्ये उलटा. सर्वांत जाड भाग कापून बघा. हाडाजवळ गुलाबी रस दिसला तर अजून पाच मिनिटं.

म्हणजे हे पौष्टिक झालं का?

तेल कमी झालं, एवढंच. मैद्याचा समोसा एअर फ्रायरमधून निघाला तरी मैद्याचाच. बटाट्यासारखे पिष्टमय पदार्थ १२० अंशांच्या वर कोरडे तापले की ॲक्रिलामाइड हा नकोसा घटक तयार होतो, मग ते तेलात असो की हवेत. उपाय सोपे: काड्या कापून अर्धा तास पाण्यात ठेवा, पुसून कोरड्या करा, सोनेरी झाल्या की थांबा, तपकिरी होऊ देऊ नका. आणि कच्चा बटाटा फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीत त्यातली साखर वाढते आणि हा घटकही जास्त बनतो.

आणखी एक गोष्ट नंदुरबारमध्ये सांगायलाच हवी. पंतप्रधानांनी २०२५ च्या फेब्रुवारीत 'मन की बात'मध्ये घरातलं तेल १० टक्के कमी करायला सांगितलं, ते लठ्ठपणाच्या संदर्भात. पण हाच जिल्हा कुपोषित बालकांसाठीही वर्षानुवर्षं बातम्यांत असतो. ज्या लहान मुलाचं वजन वाढत नाही, त्याच्या वरणभातावरचा तेल-तुपाचा चमचा ही चैन नाही, त्याच्या इवल्याशा पोटात जास्त ऊर्जा पोचवायचा तो सोपा मार्ग आहे. आजोबांचं पथ्य नातवाच्या ताटात उतरवू नका. मुलाच्या आहाराचं अंगणवाडीताईंना किंवा डॉक्टरांना विचारा.

वापरताना

नवा फ्रायर आधी दहा मिनिटं रिकामा चालवा. सुरुवातीचा प्लास्टिकसारखा वास जातो. खिडकी उघडी असू द्या. मागे आणि बाजूंना वीतभर मोकळी जागा ठेवा, कारण गरम हवा मागून बाहेर पडते. गॅसच्या शेगडीवर जागा रिकामी दिसते म्हणून तिथे ठेवू नका, चुकून बर्नर चालू झाला तर बूड वितळेल. कागदी लायनर रिकाम्या टोपलीत घालून तापवला की तो उडून कॉइलला लागतो आणि जळतो. वर पदार्थ ठेवूनच चालू करा.

साफ करताना प्लग काढा, थंड होऊ द्या, टोपलीत कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण घालून अर्धा तास ठेवा, मग मऊ स्पंज. कॉइलकडे कुणी बघत नाही. चिकनचे शिंतोडे तिच्यावर उडून जळत राहतात आणि पुढच्या वेळी पांढरा धूर येतो. महिन्यातून एकदा टोपली काढून, थंड फ्रायर आडवा करून, ओलसर कापडाने कॉइल हलकेच पुसा आणि पूर्ण कोरडी झाल्यावरच पुन्हा लावा.