आधी उपकार, मग गाऱ्हाणं

उत्तनला आमच्या घरात प्लेगाची गोष्ट रात्रीच्या जेवणानंतर निघायची, भांडी आवरता आवरता. आजीला ती तिच्या सासूकडून मिळालेली. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी रोग ओळखला, हे मी पुढे पुस्तकात वाचलं. आजीच्या गोष्टीत डॉक्टर नव्हताच. मेलेले उंदीर होते, ओस घरं होती, वाडीबाहेर उभारलेल्या झावळ्यांच्या खोपी होत्या आणि रोज संध्याकाळी क्रुसापाशी जमणारी माणसं होती.

मुंबई-साष्टीच्या गावठाणांत असे क्रूस अजून दिसतात. कितीकांवर त्याच काळातली सालं कोरलेली आहेत. काही संकट टळावं म्हणून बांधले, काही टळल्यावर उपकार फेडायला. आजीच्या सासूच्या वाडीतला क्रूस यातला कुठला, यावर आजी आणि तिची धाकटी जाऊ शेवटपर्यंत भांडल्या. जाऊ म्हणे, रोग गेल्यावर बांधला. आजी म्हणे, "असतानाच बांधला. गेल्यावर तर कुणीपन उपकार मानतो."

१९४८ च्या नोव्हेंबरात मुंबईला वादळानं झोडपलं, तेव्हा आजी नवी सून होती. त्या रात्रीची तिची हकिकत दर खेपेला थोडी बदले. कधी आजोबा किनाऱ्यावर होडी ओढत असत, कधी घरात छपराला धरून उभे. पण सकाळ मात्र कायम तीच. कौलं उडालेली, डोल जाळं वाहून गेलेलं, आजोबा कोपऱ्यात तोंड फिरवून बसलेले. सासूनं चूल पेटवली, पेज टाकली, निखाऱ्यावर सुका बोंबील भाजला. मग सगळ्यांना उभं करून उरलेल्या एकेका गोष्टीचं नाव घेत देवाचे उपकार मानले: चूल, मीठ, पोरं, विहिरीचं पाणी. आजोबा उभे राहिले नाहीत म्हणे. "पेज मात्र दोन वाडगे प्यायला," असं आजी हमखास जोडायची.

घरात शेताचा तुकडा नव्हता. तरी ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, आगेऱ्याला, नव्या भाताच्या कणसांना आशीर्वाद मिळायचा तेव्हा आजी शेजारणीकडून दोन लोंब्या मागून पुढे उभी. कोळ्याला भाताचं काय, असं कुणी चिडवलं तर म्हणे, "बोंबील काय नुसता खातो आपण?" सप्टेंबरात वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेतही तसंच. लोक नवसाचे मेणाचे हात, पाय, घरं घेत. ती साधी मेणबत्ती घेई. "मागनारे पुष्कळ आहेत, आपन देऊन निघू."

म्हणून तिला सोशीक समजाल तर फसाल. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं. पावसाळा संपून किनाऱ्यावर बांबूच्या वलांड्या बोंबलांनी भरल्या होत्या. बोंबील वाळवणं हे बायकांच्या कंबरेचं काम: एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा, जोडी बांबूवर टाकायची आणि ऊन-वाऱ्यावर भरवसा ठेवायचा. दोनतीन दिवस कोरडे गेले तर पैसा. पाऊस पडला तर माल सडतो, खताच्या भावानं जातो. आमचा तसाच गेला. मी तेव्हा शिकलेला, नोकरीतला, संध्याकाळी प्रार्थनेला बसलेल्या आजीला फणकाऱ्यानं विचारलं, "आज कशाचे उपकार?"

"पप्पा तुझा घरी जेवतो आहे त्याचे," ती म्हणाली. त्या दिवसांत कितीतरी घरी दर्यावरच्या माणसाची वाट बघणं चालू होतं, हे मला सुचायला हवं होतं.

प्रार्थना संपली. मग ती देव्हाऱ्यातल्या माउलीकडे वळली आणि मोठ्यानं भांडू लागली: नोव्हेंबरात कुणी पाऊस पाडतं का, बायकांच्या हातांचं काही मोल आहे की नाही, आता सोसायटीचा हप्ता कोण भरणार! आम्ही हसू दाबत बसलो. झाल्यावर पदर सारखा करून मला म्हणाली, "आदी उपकार मानले की मंग भांडायचा हक्क राहतो."

तिच्या लेखी उपकार मानणं हे मन बरं असेल तेव्हा करायचं काम नव्हतं. दिवेलागणीसारखी त्याची वेळ ठरलेली होती. दु:ख असलं तर ते त्या वेळेपुरतं थांबायचं आणि मग त्यालाही बोलायला मिळायचं. भक्तीच्या पुस्तकांत शांत चेहऱ्याची माणसं भेटतात. आमच्या घरची भक्ती चांगलीच कटकटी होती, पण नेमाची.

२०२० च्या टाळेबंदीत चर्चची दारं बंद झाली, मासळीबाजार बसला, होड्या किनाऱ्याला लागल्या. आजी तोवर गेली होती. पप्पांनी घरातच सगळ्यांना उभं केलं आणि नावं घ्यायला सुरुवात केली: चूल, मीठ, पोरं. विहिरीऐवजी नळ आला. आमेन झाल्यावर डिझेलचा भाव आणि गोदीवर पडून राहिलेली मासळी यांवरून त्यांनी देवाला चांगलं सुनावलं. क्रम चुकला नाही, आजीला कान पकडायला जागाच ठेवली नाही.