रॉक अँड रोल रेनेगेड

मुंबईच्या ‘रॉक मशीन’ या वाद्यवृंदाचा पहिला ध्वनिसंग्रह (१९८८). वृंदाची स्थापना १९८४ची. उदय बेनेगल (गायन), महेश तिनईकर (गिटार) आणि मार्क सेल्विन (बास) हे त्यातील प्रमुख वादक-गायक. त्या काळी इथले बहुतेक रॉकवृंद परदेशी गाण्यांच्या हुबेहूब नकलांवर टाळ्या मिळवत. श्रोत्यांनाही ओळखीचीच गाणी हवी असत, म्हणून स्वतःची इंग्रजी गाणी बांधून ध्वनिमुद्रित करणे हे खरे धाडस होते. सुरावटींवर पाश्चात्त्य हार्ड रॉकची छाप स्पष्ट आहे. पण महाविद्यालयीन तरुणांनी ही गाणी आपलीशी केली. १९९०मध्ये ‘द सेकंड कमिंग’ हा दुसरा संग्रह आला. पुढे वृंदाने ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले. भारतीय रॉकच्या इतिहासात या पहिल्या संग्रहाचे स्थान अग्रभागीच आहे.