सौदा पन्नासचा, रिपोर्ट बेचाळीसचा

परळीत घराचा सौदा अजूनही बऱ्याचदा तोंडीच ठरतो. मध्यस्थाने दोघांना बसवलं, चहा झाला, इसार दिला की किंमत ठरली. मग घरकर्जासाठी बँकेचा व्हॅल्युअर येतो, टेप लावतो, फोटो काढतो आणि रिपोर्टात किंमत आठ लाखांनी खाली येते. घेणाऱ्याला वाटतं आपण फसलो, विकणाऱ्याला वाटतं बँकेने घराची अब्रू काढली. माझं पीएचडीचं काम जमिनीच्या किमती कशा ठरत आल्या यावर आहे. एमएस्सी भौतिकशास्त्रात केल्यामुळे आकडा दिसला की आधी विचारावंसं वाटतं, मोजलं कशाने? इथेही तोच प्रश्न कामाला येतो.

आधी हिशेब बघू. सौद्याची किंमत आणि मूल्यांकन यांतला जो आकडा कमी, तो बँक साधारणपणे धरते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार 30 ते 75 लाखांच्या घरकर्जाला घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. म्हणजे 50 लाखांवर 40 लाख कर्ज मिळालं असतं, 42 लाखांवर 33 लाख 60 हजारच मिळतं. खिशातून 10 लाख घालायची तयारी केलेल्या माणसाला आता 16 लाख 40 हजार उभे करायचे आहेत. वर स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी वेगळी. एखाद्या शिक्षकाच्या घरात हा फरक म्हणजे बायकोचे दागिने किंवा गावाकडचा एकरभर तुकडा.

हे 42 आले कुठून? व्हॅल्युअर आजूबाजूची नोंदणी झालेली खरेदीखतं बघतो. आणि त्या खतांतले आकडे कसे लिहिले गेलेत, यातच खरा इतिहास आहे.

महाराष्ट्रात 4 जुलै 1980 च्या आधी खतात जी किंमत लिहाल तिच्यावर स्टॅम्प ड्युटी लागायची. साहजिकच माणसं कमी लिहायची. त्या तारखेपासून ड्युटी बाजारमूल्यावर आली. पण बाजारमूल्य कोण सांगणार? पुढे 1995 चे नियम आले आणि दरवर्षीचा दरतक्ता, म्हणजे आपला रेडी रेकनर, त्या नियमांत बसला. हेतू असा होता की यापेक्षा कमी दाखवून ड्युटी चुकवता येऊ नये. झालं असं की लोकांनी त्या तळालाच छत केलं. व्यवहार कितीचाही असो, कागदावर रेकनरच्या आसपासचा आकडा आणि उरलेले रोख. त्याच खतांकडे बघून तक्ते सुधारायचे, त्याच तक्त्यांकडे बघून पुढची खतं लिहायची. थर्मामीटर बर्फात ठेवून खोलीचं तापमान विचारण्यासारखं हे आहे.

म्हणून मला वाटतं, कमी मूल्यांकनाचा राग एकट्या व्हॅल्युअरवर काढण्यात फारसा अर्थ नाही. त्याच्या रिपोर्टात आपल्याच गल्लीने वर्षानुवर्षं लिहिलेले कमी आकडे उलटून आलेले असतात. शेतजमिनीत तर हे अजून झोंबतं. 2013 च्या भूसंपादन कायद्यात मोबदला काढताना आधीच्या तीन वर्षांतली खरेदीखतं घेऊन, त्यांतल्या जास्त किमतीच्या निम्म्या खतांची सरासरी बघतात. रस्ता किंवा रेल्वे आली की ज्यांनी कागदावर कमी लिहिलं, त्यांच्या शेजाऱ्याचाही मोबदला खाली येऊ शकतो.

पण सगळा फरक काळ्या पैशाचा नसतो. सर्वोच्च न्यायालयाचा 1988 चा एक निकाल आहे, चिमणलाल हरगोविंददास विरुद्ध पुण्याचे विशेष भूसंपादन अधिकारी. त्यात किंमत वाढवणाऱ्या आणि उतरवणाऱ्या बाबींची यादीच दिली आहे. रस्त्यालगत असणं, दर्शनी बाजू, चौकोनी आकार या वाढवणाऱ्या. आतली जागा, अरुंद पट्टी, भराव घालावा लागेल अशी सखल जमीन या उतरवणाऱ्या. वाढवणाऱ्यांत एक बाब आहे, लगतच्या मालकासाठी असलेली खास किंमत. हे आपल्याला न्यायालयाने सांगायलाही नको! भिंतीला भिंत असलेलं चुलत्याचं घर घ्यायला माणूस दोन पैसे जास्त मोजतोच. पण बँकेला ते घर उद्या तिऱ्हाइताला विकावं लागू शकतं, म्हणून ती तुमची ओढ धरत नाही.

वैजनाथ मंदिराच्या बाजूच्या जुन्या वस्तीत आणखी एक भानगड. दगड-मातीचं माळवदाचं घर राहायला कितीही गार असो, रिपोर्टात बांधकामाचं वय लागतं आणि उरते जवळपास नुसती जागा. जुना कागद निजामाच्या राज्यातला असेल तर तो उर्दूत आणि किंमत हाली सिक्क्यात (सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार). तुलनेला त्याचा काही उपयोग नाही. शिवाय हे गाव थर्मलच्या आधाराने वाढलेलं. 2015 साली पाण्याअभावी वीजनिर्मिती थांबली, तेव्हा भाड्याच्या खोल्यांचं काय होईल ही काळजी इथल्या घरमालकांना नवी राहिली नाही. सावध व्हॅल्युअर तेही मनात धरणारच.

मग करायचं काय? रिपोर्टाची प्रत मागा आणि आधी क्षेत्रफळ तपासा. मालमत्ता पत्रक, मंजूर नकाशा आणि रिपोर्ट यांतले आकडे जुळवा. वाढीव मजला परवानगीशिवाय बांधलेला असेल तर तो बहुधा धरलेलाच नसतो. गुंठेवारीचा प्लॉट नियमित झाला असेल तर तो आदेश जोडा. खऱ्या किमतीने झालेली शेजारची दोन-तीन खतं सापडली तर फेरमूल्यांकनाच्या अर्जासोबत द्या, किंवा दुसऱ्या बँकेत जा. नाहीच जमलं तर रिपोर्ट घेऊन विकणाऱ्याकडे बसा. पुढच्या गिऱ्हाइकालाही कर्जच काढायचं असेल, हे त्यालाही कळतं. फरक रोखीत भागवा असं कोणी सुचवलं तर लक्षात ठेवा, 1 जून 2015 पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20 हजार किंवा जास्त रोख रक्कम घेण्यावर आयकर कायद्याने बंदी आहे आणि दंड घेतलेल्या रकमेइतका होऊ शकतो.

आणि हे सगळं इसार द्यायच्या आधी. इसारपावतीत एक ओळ घालून घ्या: बँकेचं मूल्यांकन ठरल्या किमतीपेक्षा कमी आल्यामुळे कर्ज कमी पडलं, तर इसार इतक्या दिवसांत परत. मध्यस्थ कुरकुर करेल. करू द्या.